पीळ भरताना बोलायचं नाही

"वापस न्या तो थर्मस, कंपाउंडरसाहेब. आज सुई नाही लावायची मला."

"का बरं?"

"बस. मन नाही."

"मन नाही म्हणजे काय, सुलोचनाबाई? हा काय हळदीकुंकवाचा बुलावा आहे, मन नाही तर नाही गेलं?"

"तसंच समजा. आणि उद्यापण येऊ नका. फिजूल तुमचे पाय दुखतात."

"माझ्या पायांची फिकीर सोडा. तुमचं काय दुखतंय ते बोला."

"माझं काय दुखणार? मी ठीक आहे."

हे म्हणताना सुलोचनाबाई भिंतीतल्या खुंटीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. सोडली असती तर खाली बसली असती, आणि बसली असती तर उठायला माणूस लागला असता. एकोणसाठ वर्षांची बाई. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, पदर कानांमागून घट्ट ओढलेला. पातळावरून कमरेला जुन्या पगडीचं कापड सात-आठ वेढे देऊन बांधलेलं.

सन दोन हजार एक, माघातली सकाळ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं तिचं घर. ऊन नुकतंच गल्लीत उतरलं होतं. मधुसूदन कंपाउंडर तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुया टोचून रिटायर झालेला, बाजूच्याच गल्लीतला. दिल्लीहून बर्फात आलेली सुलोचनाबाईची इंजेक्शनं वरच्या मजल्यावरच्या मंदाताईच्या फ्रिजमध्ये ठेवलेली, दह्याच्या भांड्याशेजारी. रोज अकरा वाजता कंपाउंडर वर जायचा, एक बाटली थर्मसात घालून खाली आणायचा आणि बाईच्या दंडात टोचायचा. पाच दिवस पाच सुया. दोन झाल्या होत्या. हा तिसरा दिवस.

सुया कशासाठी, ते सांगतो. दसऱ्यानंतर बाईच्या डाव्या छातीतली गाठ काढली. मग सलाईनमधून दवाई सुरू झाली, एकवीस दिवसांनी एकदा, अशी सहा वेळा घ्यायची. पहिल्या खेपेला केस गेले, तोंड आलं, आणि बाराव्या दिवशी असा ताप भरला की आठ दिवस वॉर्डात पडून राहावं लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर निभणार नाही. म्हणून दुसऱ्या दवाईनंतर पेशी वाढवायच्या ह्या सुया. त्या पुऱ्या घेतल्या तर पुढची दवाई वेळेवर, नाही तर सगळाच कारभार अर्ध्यावर. हे बाईला ठाऊक होतं. तरी ती थर्मस परत धाडत होती.

तिच्या घरात शिरलं की पहिल्यांदा दिसतात ती डोकी. समोरच्या भिंतीला लांबलचक फळी, आणि फळीवर सागवानी साचे, माणसाच्या डोक्याएवढे, गुळगुळीत, तेलकट, काळे पडलेले. एकूण चौदा. सुलोचनाबाई पगड्या बांधते. शिंदेशाही पगडी, पुढून चोच काढलेली, ग्वाल्हेरचे मराठे लग्नात आणि दसऱ्याला घालतात ती. तिचा बाप उमाजी संस्थानच्या जामदारखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या कपड्यादागिन्यांच्या कोठारात, पगडीबंद होता. मोठ्या घरच्या माणसाच्या डोक्याचं माप घेऊन त्याचा साचा करायचा, म्हणजे दरवेळी त्या माणसाला येऊन बसायला नको. साच्याला नाकडोळे नसतात. पुढची बाजू कळावी म्हणून पितळेचा एक खिळा ठोकलेला असतो, बस.

उमाजीची एक रीत होती. माणूस गेला की त्याच्या साच्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचं. मग त्या साच्यावर पगडी बांधायची नाही आणि तो फेकायचाही नाही. चौदातले तेरा भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. एकच खोलीकडे बघायचा, तो जयसिंहरावांचा. ते शहाऐंशीचे आहेत, आणि नातवाच्या लग्नासाठी त्यांची पगडी ह्याच महिन्यात बांधून द्यायची होती.

उमाजीची दुसरी रीत कामाची. पगडीचं कापड म्हणजे हातभर रुंद आणि तीस-चाळीस हात लांब. खळ लावून ओलं करायचं, एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं टोक माणसानं धरायचं, आणि मधे बसून पीळ भरत जायचा, दोरीइतका बारीक, एकसारखा. उमाजीला मुलगा नव्हता. सहा वर्षांची सुली टोक धरायची. पीळ चालू असताना बोलायचं नाही. हात दुखला तरी नाही, माशी नाकावर बसली तरी नाही. तोंड उघडलं की दम सुटतो, दम सुटला की हात ढिला पडतो, आणि एका जागी ढिला पडलेला पीळ साऱ्या पगडीत दिसतो. एकदा तिचा पाय मुंगळ्यांनी भरला तरी ती हूं म्हणून बोलली नाही. उमाजी त्या दिवशी तिच्या आईला म्हणाला होता, "ही पोरगी पगडीबंद होईल." झालीच.

पण ती रीत खुंटीपाशी राहिली नाही. ती घरभर पसरली. आई गेली, नवरा गेला, दोन्ही वेळेला बाईनं दात आवळले आणि काम केलं. लेक दौलतसिंह सिंचाई खात्यात. गेल्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले, छत्तीसगड वेगळं निघालं, आणि कारकुनांच्या याद्या लागल्या तेव्हा दौलतसिंहाचं नाव रायपूरच्या यादीत निघालं. आईच्या छातीवरचे टाके अजून ओले होते. त्यानं विचारलं, "आई, मी अर्ज देऊ का? बोल ना, रुकवतो." ती म्हणाली, "जा तू. मला काय झालंय?" तो गेला. रविवारी मंदाताईच्या फोनवर त्याचा फोन येतो. "आई, तबियत कशी आहे? दवाई टाइम पे घेते ना? टेन्शन नको घेऊ, मी हूँ ना." ती म्हणते, "सगळं ठीक," आणि रिसीव्हर ठेवून जिना उतरताना दोनदा थांबते.

आता त्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका.

दुसरी सुई लागल्यावर दुपारी चारच्या सुमाराला ती साच्यापुढे बसली होती. पाठीच्या खाली, माकडहाडाच्या वर, आत खोल काहीतरी वळलं. चमक नव्हे, कळ नव्हे. आधी एक ठोका आला, मग दुसरा, छातीतल्या ठोक्याबरोबर. मग ते हाडाहाडातून पसरलं, खुब्यात, मांड्यांत, छातीच्या मधल्या हाडात. दाबून बघितलं तर कातडीला काही नाही, मांसाला काही नाही, जे होतं ते हाडाच्या आत होतं. ती आडवी झाली तर जास्त झालं, कूस बदलली तर आणखी जास्त. ती चार पायांवर आली, गाईसारखी, आणि तशीच राहिली. आणि तिच्या तोंडातून निघालं, "कुणीतरी आत खुंटी ठोकून पीळ भरतंय."

बोलून झाल्यावर ती दचकली. कारण ते बोलणं तिचं नव्हतं.

ते उमाजीचं होतं. एकोणीसशे अठ्ठेचाळीसला संस्थान विलीन झालं, ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्य भारत झाला, आणि जामदारखान्यातल्या माणसांना घरी जा म्हणून सांगितलं. सुली तेव्हा सात वर्षांची. काही वर्षं उमाजीनं घरी बसून काम चालवलं. पण कचेरीत आता टोप्या आल्या होत्या, पगडी घालून गेलं की पोरं हसायची. छप्पन सालात मध्य भारतही मोडला, राजधानी भोपाळला गेली, आणि लष्करातून कागदांची बोचकी भरून ट्रकमागून ट्रक निघाले. त्यांच्याबरोबर पगडी घालणारी कितीतरी घरं गेली. साचे इथेच राहिले. "येऊन नेऊ," म्हणाले. कुणी आलं नाही. उमाजीनं त्या साऱ्यांच्या पगड्या बांधून ठेवल्या होत्या.

त्याच वर्षी त्यानं कमरेला जुनं कापड बांधायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर म्हणायचा, कामाला बरं पडतं. सहा महिने कुणाला कळलं नाही. एके दिवशी पीळ भरता भरता तो थांबला, जो माणूस जन्मात पिळाच्या मधे थांबला नव्हता तो, आणि टोक धरलेल्या सोळा वर्षांच्या लेकीला म्हणाला, "सुले, कुणीतरी आत खुंटी ठोकून पीळ भरतंय गं." सगळे वाताचं म्हणत राहिले, शेवटी डॉक्टरांनी बघितलं. कॅन्सर हाडात उतरलाय म्हणाले. सव्वा महिन्यात उमाजी गेला. त्यानं स्वतःच्या डोक्याचाही एक साचा केला होता, शिकाऊ असताना. रीतीप्रमाणे सुलीनंच त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तर त्या दुपारी, चार पायांवर असताना, सुलोचनाबाईनं मान वर केली आणि फळीकडे बघितलं. उमाजीचा साचा खोलीकडे तोंड करून होता. पितळेचा खिळा उन्हाच्या तिरिपेत चमकत होता.

तिनं तो फिरवला नाही. तिची हिंमत झाली नाही असं म्हणा. भिंतीला धरून उठली, पेटीतलं कापड काढलं आणि कमरेला बांधलं. बांधून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की गाठही डाव्या बाजूला मारलीय, बापासारखी. त्यानंतर रात्र गेली, सकाळ झाली, आणि तिचा हिशेब पक्का झाला होता. उतरलं हाडात. मग कशाला सुया, कशाला दवाई? दौलतला कळवायचं नाही. जयसिंहरावांची पगडी तेवढी पुरी करायची.

कंपाउंडर मात्र उठेना. थर्मस मांडीवर घेऊन तो पाटावर बसून राहिला.

"हे कमरेला काय बांधलंय?"

"कामाला बरं पडतं."

"काम कुठलं? कापड तर सुकं पडलंय कोपऱ्यात. आणि तुम्ही खुंटी का सोडत नाही?"

"तुम्ही जाता का मंदाला बोलवू?"

"बोलवा. तिलाही सांगतो, ही बाई पेशी संपवून ताप आणणार आणि आपल्याला धावडवणार."

मंदाताई बोलवायच्या आधीच जिन्यात उभी होती, हातात लाटणं. "अक्का, कालपासून तुम्ही चहाचा कप खाली ठेवताना वाकत नाही. उभ्या उभ्या टेबलावर ठेवता. मला दिसत नाही का?"

"तू फ्रिज बघ तुझा."

"फ्रिजमध्ये तुमचीच दवाई आहे. माझ्या सासूच्या नैवेद्याचं दही मी खालच्या खणात ढकललंय तुमच्यापायी!"

बाईला हसू आलं आणि हसण्यानं छातीचं हाड असं ठणकलं की तिच्या तोंडून "आई गं" निघालं. काल दुपारपासून पहिल्यांदा. एकदा निघाल्यावर मग राहिलंच नाही. ती खुंटीला डोकं टेकवून म्हणाली, "उतरलं ते. हाडात उतरलं. पाठीत, खुब्यात, सगळीकडे. माझ्या बापाला झालं होतं तसंच. आता मला सुया टोचून काय फायदा?"

कंपाउंडरनं थर्मस खाली ठेवला. मग हळूच त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"कालपासून. दुसऱ्या सुईच्या नंतर."

"सुईच्या आधी?"

"आधी काही नव्हतं."

त्यानं खिशातून चष्मा काढला, पिशवीतून घडी घातलेला एक इंग्रजी कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. वाचायची त्याला गरज नव्हती. "सुलोचनाबाई, हे सुईनंच दुखतंय. ह्यात लिहिलंय. पहिल्या दिवशीच मी वाचलं होतं."

"मग?"

"बोललो नाही. म्हटलं, आधीच घाबरलेल्या असाल. आणि सगळ्यांनाच दुखतं असं नाही."

बाईनं खुंटी सोडली. खरंच सोडली, आणि दोन पावलं त्याच्याकडे गेली. "तुमच्या तोंडाला काय लकवा मारला होता? मी इथे मरणाची तयारी करून राहिले, आणि तुम्ही खिशात कागद घेऊन फिरून राहिले?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे!"

"तुम्ही तरी बोललात का? काल संध्याकाळी मी दारावरून गेलो तेव्हा विचारलं, काय खबर? ठीक म्हणालात."

बाईनं पुन्हा खुंटी धरली.

कंपाउंडरनं समजावलं ते असं. रक्त हाडाच्या आत, मज्जेत तयार होतं. सुई त्या मज्जेला हाकते, घाई करवते. तिथे एकदम एवढ्या पेशी तयार व्हायला लागतात की आतल्या आत जागा तंग होते. जिथे मोठी हाडं, तिथे जास्त दुखतं. रोग वेगळा, हे दुखणं वेगळं. पण बाई हलली नाही. "माझ्या बापालाही सगळे हेच बोलले. वाताचं आहे, थंडीचं आहे, वय आहे. कुणी खरं बोललं नाही. मला कसं कळणार की तुम्ही खरं बोलता?"

म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, "तुमच्या वडिलांचं दुखणं कधी थांबलं?"

"थांबलं कुठं? गेले तेव्हाच थांबलं."

"मग हिशेब सोपा. आज तिसरी, उद्या चौथी, परवा पाचवी. पाचवी झाल्यावर दोन दिवस, फार तर तीन. दुखणं हटलं तर सुईचं. नाही हटलं तर मी स्वतः टेम्पोत घालून नेतो, हाडांचा फोटो काढू, आणि त्यात जे निघेल ते तुम्हाला तोंडावर सांगेन. मंदाताई गवाह."

"मी गवाह," मंदाताई लाटणं उचलून म्हणाली.

सुलोचनाबाईनं फळीकडे बघितलं. उमाजीचा खिळा तिच्याकडे रोखलेला. मग तिनं दंडावरची बाही वर केली. "लावा."

ते पाच-सहा दिवस बाईनं कसे काढले, ते मंदाताईनं पाहिलंय. हॉस्पिटलात फोन करून कंपाउंडरनं गोळी विचारून घेतली, तापाची साधीच गोळी, सुईच्या तासभर आधी एक आणि मग सांगितलेल्या वेळेवर. पण गोळीआधी ताप मोजायचा, कारण गोळीखाली ताप लपतो, आणि ताप आला तर घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. मंदाताई तव्यावर वाळू गरम करून फडक्यात बांधायची, स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग बाईच्या पाठीला. गादी काढून टाकली, लाकडी पलंगावर सतरंजी, आणि गुडघ्यांखाली कापडाचा गठ्ठा. उताणं पडून गुडघे वर घेतले की पाठीतला पीळ जरा सैल व्हायचा. तासाभरानं उठायचं, दारापासून खुंटीपर्यंत जायचं, परत यायचं. एका जागी राहिलं की दुखणं तिथेच मुक्काम करतं, हे बाईचं मत. कमरेचं कापड तिनं ठेवलं, पण गाठ उजवीकडे मारली.

चौथ्या दिवशी सगळ्यात वाईट होतं. गोळी खाल्लेली, वाळू ठेवलेली, तरी प्रत्येक ठोक्याला हाड वाजायचं. ती फळीकडे बघत पडली होती. तेरा साचे तोंड फिरवून बसलेले, एक जिवंत माणसाचा, आणि एक... नाही, चूक. बारा फिरलेले. दोन बघताहेत. तिनं स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. तेवढंच गुळगुळीत, तेवढंच थंड. "पंधरावा माझा," ती मोठ्यानं म्हणाली. "खिळा तेवढा ठोका, नाना." बापाला ती नाना म्हणायची. चव्वेचाळीस वर्षांत तिनं ही हाक मारली नव्हती. खोलीत कुणी उत्तर दिलं नाही, पण खुंटी करकरली, जशी ओल्या कापडाचा ताण आल्यावर करकरते. खुंटीला कापड बांधलेलं नव्हतं.

हे तिनं कंपाउंडरला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, पाचवी सुई लावताना. आता ती सगळंच सांगायची. तो म्हणाला, "थंडीनं लाकूड बोलतं." ती म्हणाली, "बोलू द्या."

पाचव्या सुईनंतर पहिला दिवस तसाच. दुसरा दिवस तसाच. संध्याकाळी ती जेवली नाही. कंपाउंडर येऊन दारात उभा राहिला तर तिनं बोट दाखवलं, एक. एक दिवस राहिला. तोही मान हलवून गेला, विनोद न करता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदाताईनं चहा आणला. सुलोचनाबाईनं कप घेतला, प्यायला, आणि वाकून जमिनीवर ठेवला. दोघींनी त्या कपाकडे बघितलं. बाई पुन्हा वाकली, कप उचलला, पुन्हा ठेवला. पाठ जड होती, रात्रभर ओझं वाहिल्यासारखी. पण आत कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात रक्त तपासलं. पेशी पुरेशा निघाल्या. तिसऱ्या दवाईची तारीख पक्की झाली, म्हणजे तिच्यामागून पुन्हा पाच सुया, पुन्हा तेच. बाईनं तारीख ऐकली आणि "माहीत आहे कसं असतं ते," एवढंच म्हणाली. रविवारी दौलतसिंहाचा फोन आला, तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून तिनं त्याला सांगितलं, फार दुखलं होतं, पुढच्या खेपेला सुट्टी काढून ये. मग तो म्हणाला, "आई, तू पहले क्यों नाही बोलली?"

साच्याचं तिनं मंदाताईला विचारलं होतं. मी वॉर्डात असताना फळी तू पुसलीस ना? पुसली, मंदाताई म्हणाली, सगळी पुसली, पण साचे जागचे हलवले नाहीत, देवाशपथ. सुलोचनाबाईनं मग उमाजीचा साचा उचलला, फडक्यानं पुसला, खिळ्यावरून अंगठा फिरवला. भिंतीकडे फिरवायला हात उचलला आणि मधेच थांबला. साचा तिनं होता तसाच, खोलीकडे तोंड करून ठेवला.

दुपारी जयसिंहरावांचं कापड खळीत भिजवलं. गुलाबी, चंदेरीचं. एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं मंदाताईच्या हातात दिलं. "घट्ट धर. आणि पीळ चालू असताना..." म्हणून ती थांबली.

"बोलायचं नाही, माहीत आहे," मंदाताई म्हणाली.

बाई मधे बसली, पीळ भरायला लागली. पाच हात झाला, दहा हात झाला. खुंटी करकरायला लागली. पंधराव्या हाताला तिनं दोन बोटांत पीळ धरून ठेवला आणि म्हणाली, "थांब जरा. पाठ भरली."

मंदाताई घाबरून टोकाकडे बघत राहिली. पीळ सुटला नव्हता. बाईनं दोनदा श्वास घेतला, मांडी बदलली, खळीच्या भांड्यात बोटं ओली केली.

"हं. धर आता," ती म्हणाली, आणि सोळावा हात घेतला.